वीण बुरडाची, नाव कोणाचे?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर चंद्रपूरकडची एक बुरूड बाई माझ्या नागपूरच्या कचेरीत आली. वय पन्नाशीच्या पुढचे. हाताच्या बोटांवर कामट्यांनी कापल्याच्या जुन्या-नव्या रेघा. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने चार पानांची इंग्रजी नोटीस काढून टेबलावर ठेवली आणि विचारले, "वकीलसाहेब, याच्यात पोलीस येतात का जी?"

नोटीस मुंबईच्या एका डिझाइन कंपनीच्या वकिलाची होती. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही, म्हणून ते लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी या कंपनीची माणसे बुरूड मोहल्ल्यात आली होती. 'पारंपरिक कारागीर आणि आधुनिक डिझायनर यांचा संगम' असा त्यांचा कार्यक्रम होता. बायकांना एकत्र बसवले, चहा-फराळ झाला, फोटो निघाले. मग बांबूच्या दिव्याच्या झुंबरांची ऑर्डर मिळाली. एक झुंबर विणायला पाऊण दिवस लागे. त्याचे २२० रुपये मिळत, आणि बांबू विणणारीचाच. तेच झुंबर मुंबईच्या दालनात ६,५०० रुपयांना विकले जात होते, हे मुलीने मोबाईलवर शोधून काढले. ऑर्डर संपली, पुढची आली नाही. तेव्हा या बाईने उरलेल्या बांबूची तशीच दहा-बारा झुंबरे विणली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या मेळ्यात आठशे-आठशे रुपयांना विकली. त्यावर ही नोटीस. आमच्या नोंदणीकृत डिझाइनची तुम्ही नक्कल केली आहे, विक्री ताबडतोब बंद करा, नाही तर नुकसानभरपाईचा दावा लावू.

मी कागद वाचून दाखवला, मराठीत समजावून सांगितला. बाई गप्प ऐकत होती. शेवटी म्हणाली, "साहेब, हे विणणं तं माह्या सासूनं शिकवलं मले. मंग चोरी कोणाची?"

या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर मी पुढे देणार आहेच. पण आधी हा प्रश्न आपल्या चळवळीने स्वतःला कधी विचारला काय, ते पाहू. रविवारच्या पुरवण्यांतून हल्ली अशा 'संगमा'च्या बातम्या सातत्याने येतात. गुळगुळीत फोटो असतो. मध्यभागी डिझायनर, त्याचे किंवा तिचे पूर्ण नाव, शिक्षण कुठे झाले, परदेशात कुठे प्रदर्शन भरले, सगळा तपशील. बाजूला जमिनीवर बसलेली, मान खाली घालून विणणारी एक बाई. तिच्याखाली शब्द एकच, 'कारागीर'. तिला नाव नाही, गाव नाही. तिची जात तर मुळीच नाही. जात लिहिणे आता असभ्य मानले जाते! पण ती बाई त्या जमिनीवर कशी येऊन बसली, तिच्या आजीने, पणजीने दुसरे काही का केले नाही, याचे उत्तर जातीशिवाय देताच येत नाही. 'पिढ्यानपिढ्या जपलेला वारसा' असे जे सुंदर शब्दांत छापले जाते, त्याला आपल्या व्यवहारी भाषेत जातिव्यवस्था म्हणतात.

महाराष्ट्रात बुरूड ही अनुसूचित जात आहे. बसोर, बन्सोडी, बसोड ही तिचीच नावे त्याच नोंदीत आहेत. कैकाडी समाजही टोपल्या विणतो. तो विदर्भातील जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, तर उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. म्हणजे एकाच आजोबांची दोन नातवंडे दोन यादीत! १९८० साली आलेल्या लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने या समाजाचे जगणे मराठी वाचकांपुढे ठेवले. गाढवावर बिऱ्हाड, ओढ्याकाठचे फोक, गावकुसाबाहेर मांडलेली पाले. तेव्हा टोपली कशी विणली जाते हे वाचणाऱ्यांना प्रथमच कळले असेल, पण टोपली घेताना भाकरतुकडा लांबून टाकायचा असतो हे गावाला हजार वर्षांपासून ठाऊक होते.

या समाजाच्या हातच्या वस्तूंशिवाय गावाचे पान हलत नव्हते. सूप, टोपली, दुरडी, परडी, रोवळी, धान्याची कणगी, कोंबड्यांचे डालगे, आंब्याची करंडी, भिंतीचा तट्ट्या. बाळ जन्माला आले की सुपात, लग्नात सूप, गौरीला सूप आणि माणूस मेला की तिरडीचा बांबूही बुरडाच्याच दुकानातून. जन्मापासून मरणापर्यंत सगळ्यांना बुरूड लागत होता, फक्त पंगतीला लागत नव्हता.

आणि हे काही कालपरवाचे नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात बांबूचा व्यवहार करणाऱ्या पांडुसोपाकाची उत्पत्ती चांडाळापासून सांगितली आहे. म्हणजे बांबू हातात घेणाऱ्याला जन्मानेच तळाला बसवण्याची तरतूद झालेली होती. त्याच समाजव्यवस्थेत भगवान बुद्धांच्या संघात काय घडत होते ते पाहण्यासारखे आहे. विनयपिटकात पाचित्तियांमध्ये दुसऱ्याला टोचून बोलण्याविषयीचा नियम आहे. लोक कोणकोणत्या धंद्यांना हीन मानतात त्याची यादी तेथे येते. त्यात पहिले नाव नळकाराचे, म्हणजे वेत-बांबूच्या टोपल्या करणाऱ्याचे आहे. मग कुंभार, विणकर, चर्मकार, न्हावी. आणि नियम असा की, या धंद्यावरून भिक्षूने दुसऱ्या भिक्षूला हिणवले तर हिणवणारा दोषी. समाज यादी करत होता अपमान करण्यासाठी. संघाने तीच यादी घेतली ती अपमान करणाऱ्याला दोषी ठरवण्यासाठी. आज जे स्वतःला बौद्ध म्हणवतात त्यांनी हा नियम आपल्या वस्तीपासून पलीकडच्या बुरूड मोहल्ल्यापर्यंतच्या रस्त्यावर चालताना आठवावा, एवढेच सांगतो. बुरूड समाजाचे स्वतःचे दैवतही काही लहान नाही. बाराव्या शतकात बसवण्णांच्या अनुभव मंटपात मेदार केतय्या हे बांबूकाम करणारे शरण होते. ते श्रमाला प्रतिष्ठा देऊन गेले. त्यांची जयंती बुरूड बांधव साजरी करतात, आणि आपल्यातले फारच थोडे जण तेथे हजर असतात.

आता चळवळीतल्या आपल्या एका जुन्या युक्तिवादाकडे येतो. माझे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, दलित पँथरच्या काळापासूनचे. त्यांना मी या बाईची हकीकत सांगितली तर ते उखडले. म्हणाले, वकील, टोपलीची केस कसली लढता? टोपली सोडायला सांगा. बाबासाहेबांनी आपल्याला मेलेली ढोरे ओढू नका सांगितले, वतन सोडा सांगितले. आपण सोडले म्हणून आज तुम्ही काळा कोट घालून बसला आहात. बुरडांनी सूप सोडावे, प्रश्न मिटला.

त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १९२७ मध्ये महाडला आणि पुढे वतनाच्या लढ्यात बाबासाहेबांनी जे सांगितले, ते नसते तर आपण आजही वेशीवर उभे असतो. १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये त्यांनी दाखवून दिले की जात ही केवळ कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावलेली वाटणी आहे, आणि त्यात माणसाला आपला धंदा निवडण्याची मुभा नाही. डिझायनर मंडळींना ही गोष्ट कोणी सांगत नाही. त्यांना वाटते, कला मरते आहे, वाचवली पाहिजे. कला वाचवताना त्या कलेच्या खुंटीला कोणाच्या मुलीला बांधून ठेवायचे आहे, हे कोण विचारणार?

शासनाचे धोरणही याच वळणाचे आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. १८ पारंपरिक धंदे, त्यात टोपली, चटई, झाडू करणारेही आले. अवजारांसाठी १५ हजार रुपये, पाच टक्के व्याजाने कर्ज, प्रशिक्षण. कागदावर जातीची अट नाही. पण योजना कुटुंबात चालत आलेल्या धंद्यावर उभी आहे आणि भाषा गुरु-शिष्य परंपरेची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तामिळनाडू सरकारने ही योजना आहे त्या स्वरूपात राबवणार नाही असे केंद्राला कळवले, कारण अर्जदाराचे कुटुंब तोच धंदा करत आलेले असावे ही अट त्यांना मान्य नव्हती. तामिळनाडूला या गोष्टीचा जुना अनुभव आहे. १९५३ मध्ये राजगोपालाचारींनी मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि अर्धा वेळ बापाच्या धंद्यात घालवावा अशी शिक्षणयोजना आणली होती. पेरियारांनी रान उठवले आणि वर्षभरात योजना गुंडाळावी लागली. आपल्याकडे विश्वकर्मा योजनेचे फॉर्म भरून देण्याची शिबिरे आपल्याच कार्यकर्त्यांनी घेतली. मीही एका शिबिरात फॉर्म भरायला बसलो होतो. समोर माणूस बसलेला असतो, त्याला १५ हजारांची अवजारे मिळत असतात, तेव्हा पेरियार सांगायचे की फॉर्म भरायचा? मी फॉर्म भरले. चूक केली असे मला वाटत नाही, पण मन खातच होते.

आणि म्हणूनच सहकाऱ्याचे म्हणणे मला अर्धे पटते, अर्धे पटत नाही. पुढच्या पिढीने काय करावे हा एक प्रश्न, आणि आज विणत असलेल्या पन्नाशीतल्या बाईला तिच्या कामाचा दाम मिळावा हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा सुटत नाही. तिला उद्यापासून सूप सोड म्हणून सांगितले तर ती दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला जाईल. त्यात कोणती मुक्ती? शिवाय धंद्याला कलंक जातीने चिकटवला आहे, बांबूने नाही. याचा पुरावा आपल्याच देशात आहे. ईशान्य भारतात टोपली विणणे ही जात नाही. नागा, मिझो, आदी अशा कितीतरी जमातींत घरोघरी पुरुष आपल्या घराच्या टोपल्या स्वतः विणतात आणि तसे विणता येणे हे अभिमानाचे मानले जाते. तोच बांबू, तीच चिरलेली पट्टी, पण तेथे विणणाऱ्याला कोणी लांबून पाणी वाढत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील एम. पी. रंजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रदेशातील बांबूकामाची फार मेहनतीने नोंद करून १९८६ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो जिज्ञासूंनी जरूर पाहावा. डिझायनर मंडळींना मी सरसकट शिव्या देत नाही, ते यासाठी. मुंबईच्या आयआयटीत प्रा. ए. जी. राव यांनीही बांबू आणि बांबू कारागीर यांच्यासाठी वर्षानुवर्षे खपून काम केले आहे. मनापासून काम करणारे आहेत. पण मनाचा चांगुलपणा हा करार होऊ शकत नाही.

डिझायनरची गरज आहे, हेही मोकळेपणाने मान्य करू. मळणी यंत्र आले, सूप गेले. प्लास्टिकचे क्रेट आले, करंड्या गेल्या. कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली. पुण्याच्या बुरूड आळीपासून विदर्भातल्या आठवडी बाजारापर्यंत आज विकले जाते ते सणासुदीचे सूप, लग्नाच्या टोपल्या आणि मयताचे सामान. शहरातल्या पैसेवाल्या घरात दिव्याचे झुंबर म्हणून, फळांची परडी म्हणून बांबूला नवी जागा मिळत असेल तर ती नाकारण्याचा करंटेपणा आपण का करावा? दालनाचे भाडे, वाहतूक, न खपलेला माल, वायरिंग, हे खर्च डिझायनरला असतात, तेही खरे. २२० चे ६,५०० होतात त्यातला सगळा फरक म्हणजे लूट, असे मी वकील म्हणून म्हणणार नाही. पण २२० हा आकडा कोणी ठरवला? त्या वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोण होते? कोणीच नव्हते. टेबलच नव्हते.

आणि बांबू कोठून येतो ते या 'संगमा'च्या कार्यक्रमांत कोणी विचारत नाही. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले. वनस्पतिशास्त्रात तो गवत आहे, कायद्यात झाड! त्यामुळे बुरडाच्या खांद्यावरची मोळी म्हणजे वनगुन्हा झाला. दुसरीकडे कागद गिरण्यांना जंगलेच्या जंगले दीर्घ मुदतीने दिली गेली. कर्नाटकात एका कागद गिरणीला टनाला दीड रुपया इतक्या नाममात्र दराने बांबू दिला जात होता, आणि त्याच वेळी बाजारात टनाचा भाव हजारांच्या घरात होता, हे माधव गाडगीळ यांनी दाखवून दिले. तेथील बुरडांनी, ज्यांना मेदार म्हणतात, गिरण्या बांबू संपवत आहेत म्हणून ओरड केली, तेव्हाच तर सत्तरच्या दशकात गाडगीळांचा तो अभ्यास सुरू झाला. पर्यावरणाचे नाव आज जे घेतात त्यांनी ध्यानात ठेवावे, की जंगल संपत असल्याची पहिली हाकाटी टोपल्या विणणाऱ्यांनी घातली होती.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक हाती मिळाले, तो ऐतिहासिक दिवस होता. पण गोंड ग्रामसभेला मिळालेला हक्क बुरडापर्यंत पोहोचला काय? बुरूड आदिवासी नाही. त्याला 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून हक्क मागायचा तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास आणि जंगलावरचे अवलंबन सिद्ध करावे लागते. ज्याच्या आजोबाचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नाही, त्याने ७५ वर्षांचा कागद आणायचा कोठून? तालुक्याच्या गावात राहणारा बुरूड तर या चौकटीतच बसत नाही. नोंदणीकृत बुरूड कामगाराला वनविभागाकडून सवलतीत बांबू देण्याची पद्धत आहे, पण डेपोवर जाऊन पाहा, चांगला हिरवा बांबू कधी मिळतो आणि वाळून खडंग झालेला कधी मिळतो. वाळलेल्या बांबूची पट्टी निघत नाही, ती तुटते. २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्याचा फायदा शेतात बांबू लावणाऱ्याला झाला. बुरडाला शेत असते तर तो बुरूड राहिलाच नसता. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बांबू उद्योग धोरण मंजूर केले, त्यात हजारो कोटींच्या गुंतवणुकीची भाषा आहे. त्या कोटींत बुरूड मोहल्ल्याचा वाटा किती, हा प्रश्न विधानसभेत आपल्या राखीव जागांवरच्या आमदारांनी विचारायचा असतो. कोणी विचारल्याचे माझ्या कानावर आलेले नाही.

नावाच्या प्रश्नाकडे परत येतो. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारख्या चपला मांडल्या आणि त्यात कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. महाराष्ट्रात गदारोळ उडाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. निर्देशांकाचे नोंदणीकृत मालक याचिकाकर्ते नव्हते, हे कारण. मालक कोण? आपले संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचे लिडकर. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये या दोन महामंडळांचा प्राडाशी करार झाला. दोन हजार जोड, किंमत सुमारे ८०० युरो, असे जाहीर झाले. अस्मितेची आरोळी ठोकणाऱ्या किती जणांनी हा प्रश्न विचारला की ८०० युरोंतले किती चर्मकाराच्या हातात पडणार? वर्तमानपत्रांत 'कोल्हापूरचा अपमान' असे मथळे होते. चप्पल शिवणाऱ्याला गावात चप्पल घालून फिरू दिले जात नव्हते, तो अपमान त्या मथळ्यांच्या हिशेबात धरलेला नव्हता.

तरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. महामंडळाच्या नावे नोंदणी होती म्हणून कोणाशी तरी बोलणी करावी लागली. बुरडाच्या बाबतीत तेवढेही नाही. शिवाय भौगोलिक निर्देशांक नावाला संरक्षण देतो, विणीला किंवा आकाराला नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. जीआय मिळाला म्हणजे सर्व मिळाले, असे सांगत फिरणारे सल्लागार वाढले आहेत.

नाव देऊन काम करता येते, याची उदाहरणे आहेत. अल्वारो कातालान दे ओकोन या स्पॅनिश डिझायनरने कोलंबियातील विस्थापित विणकरांबरोबर टाकाऊ प्लास्टिक बाटल्यांभोवती विणलेले दिवे करायला सुरुवात केली. पुढे हे काम इतर देशांत, ऑस्ट्रेलियातील आदिवासी विणकर स्त्रियांपर्यंत गेले. दिवा कोणत्या समाजाने विणला, हीच त्या दिव्याची ओळख ठेवली गेली. जपानमध्ये तर टोपली विणणारा आपल्या टोपलीवर सही करतो. शोनो शोउनसाई या बांबू कारागिराला १९६७ मध्ये तेथील शासनाने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. आपल्याकडे मुंबईत सुधीर राजभर यांनी धारावीच्या कारागिरांबरोबर काम करताना आपल्या संस्थेचे नावच 'चमार' ठेवले. ज्या शब्दाने शिवी दिली जाते तो शब्द महागड्या पिशवीवर छापून विकायचा, याला छाती लागते. या मार्गाने जात संपेल असे मी म्हणत नाही. पण निदान ती लपवून, तिच्यावर वारशाची शाल पांघरून विकली जात नाही.

आता त्या बाईच्या प्रकरणाचे काय झाले ते सांगतो. डिझाइन कायदा २००० चे कलम ४ असे आहे की, जे डिझाइन नवीन नाही किंवा जे आधीच वापरातून लोकांसमोर आलेले आहे, त्याची नोंदणी होऊ शकत नाही. चुकून झाली तर कलम १९ खाली ती रद्द करून घेता येते. कंपनीने नोंदणीत दावा केला होता तो मुख्यतः विणीच्या नक्षीचा. दोन पट्ट्या उचलायच्या, दोन दाबायच्या, पुढच्या ओळीत एक घर सरकायचे. ही सुपाची वीण आहे. बाईच्या घरी तिच्या सासूच्या हातची चाळीस वर्षांची रोवळी होती, तीच वीण. तिचे फोटो काढून जोडले. बाईची सही असलेला करारही मागवून घेतला. इंग्रजीत होता, त्यात अट अशी की पाच वर्षे तत्सम माल दुसऱ्या कोणाला विकायचा नाही. ऑर्डर संपल्यानंतरही धंदा करू नको म्हणणारी अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. हे सारे लिहून उत्तर पाठवले. त्याला आता सहा महिने झाले, पलीकडून काही आलेले नाही. पण खरे सांगायचे तर त्यानंतरच्या मेळ्यात बाईने झुंबरे मांडलीच नाहीत. सुपे आणि परड्याच मांडल्या. नोटिशीचे काम न्यायालयाबाहेरच होऊन गेले.

म्हणून वस्त्यांत काम करणाऱ्या वकील मित्रांना विनंती आहे, की ही प्रकरणे नोटीस आल्यावर हाती घेऊ नका. डिझायनर मोहल्ल्यात येतो त्या दिवशी तुम्ही तेथे बसलेले असा. करार मराठीत मागा. वीण आणि आकार यांवर हक्क कोणाचा ते त्यात लिहून घ्या, आणि नोंदणी करायचीच असेल तर विणणाऱ्याच्या नावासह करा. वस्तूवर विणणाऱ्याचे नाव आणि गाव असले पाहिजे. बांबू कोणी द्यायचा आणि न खपलेल्या मालाचा तोटा कोणी सोसायचा, हे कागदावर आले पाहिजे. पैशांसाठी तर हत्यार तयारच आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म उद्योगाने दिलेल्या मालाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागतात. केले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि तक्रारीसाठी सुलभीकरण परिषद. घरात बसून टोपल्या विणणारी बाईही सूक्ष्म उद्योग होऊ शकते. त्यासाठी फक्त उद्यम नोंदणी लागते, ती फुकट होते, मात्र माल देण्याच्या आधी केलेली असावी. किती बुरूड घरांत ही नोंदणी आहे? आपल्या विहारांत दर रविवारी वंदना होते. तेथे एखाद्या रविवारी एक संगणक घेऊन बसा, आणि पलीकडच्या मोहल्ल्याला निरोप पाठवा.

त्या बाईची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला बँकेची परीक्षा द्यायची आहे, विणायला शिकायचे नाही, असे तिने मला आईसमोरच सांगितले. आईनेही मान हलवली. उद्यमची नोंदणी मात्र तिनेच मोबाईलवर केली. अर्धा फॉर्म भरून झाल्यावर तिचा फोन आला. "सर, उत्पादनाच्या रकान्यात काय लिहू? टोपल्या लिहू की झुंबर?"

दोन्ही लिही, म्हणालो.